राई खोलीत आणायची तर

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, बांबर्ड्याला, ओहोळाच्या काठानं रानजायफळाच्या झाडांची एक दलदल आहे. वनस्पतींचे अभ्यासक तिला मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. गावानं ती देवाची राई म्हणून राखली. अशा दलदली मुख्यतः केरळात आणि कर्नाटकात आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई ही त्यातलीच. बांबर्ड्याची दलदल २०१८ मध्ये शास्त्रीय नोंदीत आली, आणि सह्याद्रीत इतक्या उत्तरेला अशी दलदल त्याआधी कुणी नोंदवली नव्हती. राज्य शासनानं तिला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं आहे. क्षेत्रफळ अडीच हेक्टरांच्या आसपास. म्हणजे एखाद्या बऱ्या शाळेच्या आवारात मावेल एवढं जंगल.

आता अडचण अशी की या जंगलाला माणसांची आस्था हवी आहे, पण माणसांचे पाय नको आहेत. दलदलीतल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून या झाडांपैकी काहींची मुळं गुडघा मुडपल्यासारखी चिखलातून वर येतात, हवा घेतात आणि परत खाली जातात. काहींना खोडापासूनच आधारमुळं फुटतात. हौशी पर्यटकांच्या दोन बसगाड्या दर रविवारी तिथं उतरल्या, तर वारसा स्थळाची पाटी तेवढी शिल्लक राहील. आणि कुणीच गेलं नाही, कुणाला माहीतच झालं नाही, तर वरच्या अंगाला ओहोळ वळवला गेला किंवा शेजारच्या डोंगरावर रबराची लागवड चढली, तरी गावाबाहेर हाक ऐकणारं कुणी नसेल.

मग जंगलच माणसांकडे नेता येईल का? पुण्यात, मुंबईत, कुडाळात, एखाद्या बंद खोलीत? जगभर असे प्रयोग झाले आहेत. त्यांना ‘इमर्सिव्ह’ जागा म्हणतात, म्हणजे चारही बाजूंनी वेढून टाकणारी जागा. ती कशी घडवतात, त्यात काय साधतं आणि कुठे फसगत होते, हे बांबर्ड्याच्या राईचं उदाहरण धरून पाहू. अशी खोली आज कुठे उभी आहे असा माझा दावा नाही. उभारायची ठरवली तर काय काय विचारात घ्यावं लागेल, एवढाच विषय.

वेढलं जाणं म्हणजे काय

आभासी वास्तवावर दीर्घकाळ काम केलेले मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये एक उपयोगी फोड केली. अशा जागेत दोन वेगवेगळे भास लागतात. पहिला, ‘मी तिथं आहे’ हा. दुसरा, ‘इथं जे चाललंय ते खरंच घडतंय’ हा. पहिला भास इंद्रियांमुळे येतो: मान वळवली की दृश्य वळतं, आवाज डावीकडचा असेल तर डावीकडूनच येतो. दुसरा येतो तो जागा तुमच्या असण्याची दखल घेते म्हणून. तुम्ही खोकलात आणि समोरचा पक्षी उडाला, तर तो पक्षी खरा वाटू लागतो. चित्र कितीही सुबक असो, तुम्ही काहीही केलंत तरी पक्षी आपला गातोच आहे असं दिसलं, की तो भास तिथंच मोडतो.

भिंतभर प्रोजेक्शन करणारी बहुतेक प्रदर्शनं पहिल्या भासावर थांबतात. व्हॅन गॉगची चित्रं भिंतींवरून फिरवणारी प्रदर्शनं मुंबईतही होऊन गेली. लोक जातात, फोटो काढतात, मजेत बाहेर पडतात. त्यात वाईट काही नाही. पण चित्राला तुमच्याकडून काही नको असतं, जंगलाला असतं. हा फरक पुढे सगळीकडे येणार आहे.

ही हौस नवी मुळीच नाही. रॉबर्ट बार्करनं १७८७ मध्ये ‘पॅनोरमा’चं पेटंट घेतलं. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सलग निसर्गदृश्य रंगवायचं आणि प्रेक्षकाला मधोमध उभं करायचं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याची कायमची इमारत उभी राहिली. चित्रापर्यंत पोचण्याआधी प्रेक्षकाला अंधाऱ्या वाटेनं आणि जिन्यानं जावं लागे. डोळे रस्त्यावरचा उजेड विसरत, आणि मग समोर येणारं रंगवलेलं आभाळ खरं वाटे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे कळलं होतं. आजच्या कित्येक प्रदर्शनांत मात्र तिकीटखिडकीवरून माणूस थेट पडद्यासमोर.

पुढचा टप्पा संग्रहालयांतल्या देखाव्यांचा, म्हणजे डायोरामांचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात धनेश, गवा, रोहित पक्षी यांचे असे देखावे आहेत. शाळेच्या सहलीत ते पाहिलेले बरेच जण असतील. या कलेतलं मोठं नाव म्हणजे न्यू यॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी काम केलेला कार्ल एकली. त्याची गोष्ट विचित्र आहे. डायोरामासाठी गोरिला मिळवायला तो १९२१ मध्ये बेल्जियन काँगोत गेला आणि गोरिला मारले. तिथंच त्याला कळलं की हे प्राणी असेच मारले जात राहिले तर उरणार नाहीत. मग त्यानं बेल्जियमच्या राजाकडे पाठपुरावा केला. १९२५ मध्ये आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आजचं विरुंगा राष्ट्रीय उद्यान हा त्याचाच भाग. पुढच्याच वर्षी एकली त्या डोंगरांत वारला आणि तिथंच पुरला गेला. डायोरामातल्या मेलेल्या गोरिलांच्या मागे त्याच प्रदेशाचं रंगवलेलं दृश्य आहे. जंगलाशी नातं जोडणाऱ्या प्रत्येक खोलीला हा प्रश्न विचारावा लागतो: हे दाखवण्यासाठी आपण तिथून काय उचलून आणलं?

राईच्या अटी

कोकणातल्या, घाटावरच्या देवराया आधुनिक अर्थानं कुणी ‘डिझाइन’ केलेल्या नाहीत. पण वेढून टाकणारी जागा माणसाला कशी वागवते, हे त्यांच्यातून जेवढं शिकता येतं तेवढं एखाद्या स्टुडिओतून शिकता येणार नाही. वहाणा बाहेर. काटकीसुद्धा न्यायची नाही. अमुक ठिकाणापलीकडे जायचं नाही. काही ठिकाणी मोठ्यानं बोलायचं नाही, काही ठिकाणी कुऱ्हाड-कोयता आत न्यायचा नाही. गावागणिक नियम वेगळे; आणि काही गावांतल्या नियमांनी बायकांना बाहेर ठेवलं, हेही विसरू नये. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके झालेले असताना जुनं रान या राखलेल्या तुकड्यांत टिकून असलेलं त्यांना दिसलं. झाडं टिकली त्यामागे देवाची भीती होती, गावाचा धाक होता आणि गावाला लागणारं पाणीही होतं. केवळ सौंदर्यामुळे फारसं काही टिकल्याचं दिसत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: धोक्यात आलेल्या जंगलाशी जोडणारी खोली बांधायची, तर जंगल किती हुबेहूब दाखवता येईल यापासून सुरुवात करू नये. आत येणाऱ्यावर कोणत्या अटी घालायच्या, यापासून करावी. पडदा, स्पीकर, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट हे सगळं त्यानंतर.

पहिली अट उजेडाची. सदाहरित रानात जमिनीपर्यंत पोचतो तो वरच्या उजेडाचा अगदी थोडा हिस्सा, काही टक्के. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बराच फरक पडतो. म्हणजे दाराआधी एक वळणावळणाची वाट हवी, हळूहळू मंद होत जाणारी, आणि तिच्या सुरुवातीलाच वहाणा आणि फोन ठेवायची जागा. फोन काढून घेण्यात नीतीचा धडा नाही. फोनचा पडदा एकदा उजळला की डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावायला लागतात, आणि शेजारच्या चौघांचेही. आयोजकांना हे आवडणार नाही, कारण लोकांनी टाकलेले फोटो ही त्यांची फुकटची जाहिरात असते. पण इथं माघार घेतली की पुढचं सगळं सजावट होऊन बसतं.

दुसरी अट पायांची. अनवाणी पायाला सपाट फरशी लागली, की डोळ्यांना काहीही दिसो, शरीराला कळतं की आपण हॉलमध्ये आहोत. काथ्याच्या चटया, खाली थोडा उंचसखलपणा, मध्येच वाट अडवणारा मुळाचा गुडघा. तो लाकडाचा करा, कागदाच्या लगद्याचा करा, पण तिथून आणू नका. वाट अरुंद ठेवली की माणूस खाली बघत चालतो, आणि दलदलीत बघण्यासारखं बरंच काही खालीच असतं. चाकाच्या खुर्चीसाठी सपाट पट्टी लागेलच. ती वेगळ्या दारानं न नेता याच वाटेतून न्यावी.

कान आधी, डोळे नंतर

सगळ्यात जास्त पैसा आणि डोकं खर्च करावं ते आवाजावर. याचं कारण सांगायला कॅलिफोर्नियात जावं लागेल.

बर्नी क्राउझ हा मूळचा संगीतकार. पुढे तो जंगलांचे आवाज टिपू लागला. १९८८ च्या जूनमध्ये त्यानं सिएरा नेवाडा डोंगरांतल्या लिंकन मेडो नावाच्या कुरणात पहाटेचा आवाज नोंदवला. तिथं लाकूडतोड होणार होती, पण ‘निवडक’: सरसकट रान न कापता मधली मधली झाडं काढायची, म्हणजे पर्यावरणाला धक्का बसणार नाही, असं लोकांना सांगितलं गेलं होतं. वर्षानं, त्याच दिवसांत, तशाच हवेत, तो परत गेला. फोटो काढला तर कुरण जवळजवळ जसंच्या तसं. आवाज लावला तर ओढ्याचं पाणी, एका सुतार पक्ष्याची ठकठक आणि बाकी फारसं काही नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत तो पंधरा वेळा तिथं गेला. आधीचा भरगच्च आवाज परत आला नव्हता.

डोळ्यांना शाबूत दिसणारं जंगल कानांना रिकामं लागू शकतं. जंगलावरचं संकट समजावताना आपण बहुधा तोडलेल्या बुंध्यांचे, पेटलेल्या डोंगराचे फोटो दाखवतो. तोवर उशीर झालेला असतो. आवाज त्याआधी सांगतो.

याच क्राउझची दुसरी कल्पना खोली घडवणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. निरोगी रानात प्रत्येक जीव स्वतःची जागा राखून गातो, असं तो म्हणतो. कुणी उंच पट्टीत, कुणी खालच्या, कुणी पहाटे, कुणी तिन्हीसांजेला, म्हणजे एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेखाली बुडत नाही. आवाजाचा आलेख काढला, आडवा वेळ आणि उभी पट्टी, तर हे डोळ्यांनी दिसतं. रातकिड्यांची वर एक सलग रेघ, बेडकांचे मधले ठिपके, घुबडाचे तळाचे डाग, आणि मधल्या मोकळ्या फटीत एखाद्या पक्ष्याची लकेर. मानवी आवाजांपैकी जनरेटर आणि ट्रक तळाची पट्टी व्यापून टाकतात. २०१६ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशननं क्राउझच्या ध्वनिमुद्रणांवर प्रदर्शन भरवलं. त्यात लंडनच्या युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स या चमूनं हेच आलेख अंधाऱ्या खोलीच्या भिंतींवर उजेडाच्या रूपात वाहते ठेवले. प्राण्यांचं एकही चित्र नाही. तरी लोक बसून ऐकत.

बांबर्ड्यासाठी हे कसं करता येईल? ऑडिओमॉथसारखी तळहातावर मावणारी ध्वनिमुद्रण यंत्रं मिळतात. ती झाडाला बांधून ठेवली की ठरवलेल्या वेळी आपोआप चालू-बंद होतात. माणसाला चिखलात वारंवार उतरावं लागत नाही. वर्षभराचे आवाज त्यांनी गोळा करायचे. दिशांसकट आवाज हवा तिथं चार तोंडांचा मायक्रोफोन काही मोजक्या दिवशी न्यायचा. त्यातून नंतर डावं-उजवं, पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं वेगळं काढता येतं, आणि खोलीत वर्तुळात मांडलेल्या स्पीकरांतून तेच पुन्हा उभं करता येतं. वरच्या स्पीकरांची काटकसर करू नये. रानातला निम्मा कारभार डोक्यावर चालतो. धनेश उडताना त्याच्या पंखांचा सूं-सूं आवाज आधी येतो, पक्षी मागाहून दिसतो, किंवा दिसतही नाही.

खोलीचा स्वतःचा आवाज मात्र मारावा लागतो. सिमेंटच्या भिंतींवरून परत येणारा प्रतिध्वनी कानाला लगेच सांगतो की वर छत आहे. रानाला छत नसतं. जाड पडदे, कापसाच्या गाद्या आणि जुन्या गोधड्यांचे थर लावले तरी पुष्कळ काम होतं. स्टुडिओतल्या आवाज शोषणाऱ्या महागड्या पट्ट्यांशिवाय चालतच नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता दुसऱ्या भासाकडे, ‘हे खरंच घडतंय’ याकडे येऊ. सगळा आवाज एकाच फितीवर टाकून दर वीस मिनिटांनी तीच फीत फिरवली, तर ते गाणं झालं. त्याऐवजी पाण्याचा, पानांचा, किड्यांचा तळाचा थर सलग ठेवायचा आणि बाकीचे जीव स्वतंत्रपणे सोडायचे: संगणकाला वेळेचे आणि शक्यतेचे नियम द्यायचे, क्रम नाही. शिवाय खोलीतच एक मायक्रोफोन लपवायचा. लोक बोलू लागले की जवळचे आवाज एकेक करून थांबतात. शांत बसले की काही मिनिटांनी, आधी दूरचे, मग जवळचे, परत येतात. प्रोग्रामिंगच्या दृष्टीनं हे किरकोळ काम आहे. परिणाम मात्र मोठा, कारण ‘शांतता राखा’ अशी पाटी लावावी लागत नाही.

आणि धनेश दर वेळी यायलाच हवा असं नाही. दहातल्या सात गटांना तो ऐकूच येऊ नये. तिकीट काढून आलेला माणूस कुरकुर करेल. करू दे. रान कुणाच्या वेळापत्रकानं चालत नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग मला तरी सुचत नाही.

वासाबद्दल थोडंच. पहिल्या पावसाचा जो मातीचा वास येतो त्यात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. मातीतले सूक्ष्मजीव ते बनवतात आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही कळतं. कन्नौजला भाजलेल्या मातीचं अत्तर काढतात, ते सुंदर असतं, पण ती गंगेकाठची माती, कोकणची नव्हे. शिवाय नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे सतत फवारणं म्हणजे पैसे उडवणं. वाटेच्या एका वळणावर ओल्या पालापाचोळ्याची टोपली पुरे. दमटपणासाठी धुक्याची यंत्रं लावायचा मोह होतो. त्यानं पडद्यांना बुरशी येते आणि यंत्रं बिघडतात. एसी बंद ठेवा. कोकण आपोआप येतं.

चित्र सर्वात शेवटी. लेझर किरणांनी झाडांचं मोजमाप घेणारं लायडार तंत्र वापरून अख्ख्या राईचा लाखो ठिपक्यांचा आराखडा करता येतो. लंडनच्या मार्शमेलो लेझर फीस्ट या चमूनं २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्राइझडेलच्या जंगलात असा आराखडा केला होता, आणि लोकांना चतुर, बेडूक, घुबड यांच्या नजरेनं तेच जंगल दाखवलं होतं. त्यासाठीचे हेडसेट त्यांनी रानातच झाडांखाली टांगले. ठिपक्यांचं चित्र फोटोइतकं हुबेहूब नसतं, आणि मला तोच त्याचा गुण वाटतो: ते ‘मीच जंगल’ असा आव आणत नाही. हेडसेट वापरायचा की पडदा, यावर वाद होऊ शकतो. हेडसेटमध्ये भास पक्का होतो, पण माणूस एकटा पडतो, काहींना गरगरतं, लहान मुलांना आणि चष्मेवाल्यांना तो धड बसत नाही, आणि दर माणसामागे पुसून घ्यावा लागतो. आजी आणि नात एकाच अंधारात शेजारी बसून एकच आवाज ऐकतात, तेव्हा बाहेर पडल्यावर त्यांच्यात बोलणं होतं. मी पडदा आणि स्पीकरांच्या बाजूनं.

संकट कसं दाखवायचं

इथं बहुतेक जण घसरतात. वीस मिनिटं सुंदर रान, मग करवतीचा कर्कश आवाज, लाल उजेड, आकडे आणि शेवटी ‘चला, निसर्ग वाचवूया’. प्रेक्षक हे आधीच ओळखून असतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. काही लोकांनी आभासी जंगलात हातात थरथरणारी करवत धरून झाड पाडलं. काहींनी त्याच कृतीचं वर्णन नुसतं वाचलं. नंतर त्यांच्यासमोर मुद्दाम पाणी सांडलं गेलं. झाड ‘पाडलेल्या’ लोकांनी ते पुसायला सुमारे २० टक्के कमी कागदी रुमाल वापरले. कागद झाडांपासून होतो हे दोन्ही गटांना माहीत होतं, आणि आपण काही करू शकतो असं दोघांनाही वाटू लागलं होतं. वागणं मात्र एकाचंच बदललं. प्रयोग चांगला आहे, पण कागदी रुमालापासून न्यायालयातल्या हरकतीपर्यंतचं अंतर लांब आहे. तेवढ्यावरून ‘व्हीआरमुळे (आभासी वास्तवामुळे) माणसं बदलतात’ असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं.

कलावंतांनी वेगळ्या वाटा काढल्या. क्लाउस लिटमान यानं २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टच्या फुटबॉल स्टेडियममध्ये २९९ झाडं उभी केली. लोक खुर्च्यांत बसून मैदानातल्या जंगलाकडे नुसतं पाहत राहिले. माया लिन हिनं २०२१ मध्ये न्यू यॉर्कच्या भर वस्तीतल्या उद्यानात ‘अटलांटिक व्हाइट सीडर’ जातीचे ४९ मेलेले वृक्ष रोवले. ते जवळच्याच न्यू जर्सीतून आणले होते, खारं पाणी शिरून मेलेल्या रानातून. दोन्हीकडे भाषण नव्हतं.

बांबर्ड्यासाठी उत्तर पाण्यात आहे असं मला वाटतं. रानजायफळाची ही दलदल ओहोळावर जगते. केरळ-कर्नाटकात अशा दलदली गेल्या त्या मुख्यतः भातखाचरं आणि सुपारीच्या बागा करताना, पाणी वळवल्यामुळे, निचरा केल्यामुळे.  म्हणून खोलीत पहिल्या क्षणापासून पाण्याचा बारीक आवाज ठेवायचा, इतका सलग की दहा मिनिटांत कुणाला तो जाणवूही नये. मग तो कमी करत करत बंद करायचा. काहीतरी बिघडलं एवढंच लोकांना आधी कळेल. काय, ते शोधावं लागेल. त्यानंतर बेडूक थांबतील, मग काही पक्षी. झाडं तशीच उभी दिसत राहतील, आणि ते खरंही आहे: पाणी तुटलं तरी मोठी झाडं लगेच मरत नाहीत, नवी रोपं यायची थांबतात. रानजायफळाचं बी वाळलं की रुजत नाही. ते साठवून ठेवता येत नाही, पिकल्यावर लवकर ओल्या जागी पडावं लागतं. फळ गिळून बी दूर टाकायचं काम धनेशासारखे मोठे पक्षी करतात, आणि धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. एक कडी निखळली की बाकीच्या किती वर्षांनी निखळतील, हे खोलीत वर्षं भराभर पुढे सरकवून दाखवता येईल. काळ दाबला आहे हे मात्र स्पष्ट सांगावं. न सांगता केलं तर ती भीती दाखवणं झालं.

राई कुणाची

तंत्र जमलं तरी एक गोष्ट राहते, आणि प्रकल्पांच्या अर्जांत ती शेवटच्या ओळीत असते. ही राई गावानं राखली. तिचे आवाज शहरात नेऊन तिकीट लावायचं असेल, तर गावाला विचारायला हवं, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारायला हवं. देवस्थानाच्या आतल्या काही जागा, काही विधी, काही गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित करायची नसतील तर नाही करायची. यंत्रं बांधायला, उतरवायला, कुठला आवाज कुणाचा हे ओळखायला गावातली माणसं घेतली तर त्यांना मजुरीचे नव्हे, जाणकाराचे पैसे द्यावेत आणि श्रेयनामावलीत नाव द्यावं. गावकऱ्यांचं निवेदन घ्यायचं तर ते मालवणीतच राहू द्यावं. पुण्याच्या प्रेक्षकाला एखादा शब्द कळला नाही तर आकाश कोसळत नाही.

गाव म्हणजे सगळे एकाच मताचे असंही नाही. काजू आणि रबरावर ज्याचं घर चालतं त्याची बाजू खोलीत नसेल, तर खोली खोटी. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंदी घातली, आणि २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा निर्देश केंद्राला दिला. खाणी आणि लागवडी या दोन्हींचा त्यामागे संदर्भ आहे. स्थानिकांत यावर मतं वेगवेगळी आहेत, आणि शहरातल्या प्रेक्षकानं ती दोन्ही ऐकलेली बरी.

राईकडे नेणारा नकाशा देऊ नये. कितीही विचारलं तरी.

बाहेर पडण्याच्या वाटेचा विचार मात्र आत येण्याच्या वाटेइतकाच करावा. अंधारातून थेट रस्त्यावर आणलं, की रिक्षा शोधण्यात सगळं विरून जातं. मध्ये एक उजेडाची साधी खोली, बसायला बाकं, माठातलं पाणी, आणि बोलायला एक माहीतगार माणूस. भिंतीवर चालू महिन्यात ज्यावर काही करता येण्यासारखं आहे तेवढंच: कुठली मसुदा अधिसूचना हरकतींसाठी खुली आहे, मुदत कधी संपते, हरकत कुणाच्या नावे लिहायची. जोडीला प्रेक्षकाच्या स्वतःच्या तालुक्यातल्या देवरायांची यादी, कारण दोडामार्गाला जाणं बहुतेकांना जमणार नाही आणि जाऊही नये. पण स्वतःच्या गावच्या राईत सभामंडपासाठी काँक्रीट ओतलं जात असेल, तर ग्रामसभेत उठून बोलणं त्यांच्या हातात आहे.

हे सगळं लाखांत जाईल असं वाटत असेल, तर जिल्हा परिषदेच्या शाळेपुरतं रूप सांगतो. एक वर्ग, खिडक्यांना काळं कापड, भिंतींना गोधड्या, चार कोपऱ्यांत चार बरे स्पीकर आणि जमल्यास दोन वर आढ्याला, एक जुना लॅपटॉप, खाली काथ्याच्या चटया. प्रोजेक्टर नसला तरी चालेल. आवाज गावच्याच राईचे, मुलांनीच वर्षभर टिपलेले. म्हणजे पावसाळ्यात यंत्राच्या डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या दर आठवड्याला बदलायच्या, आणि प्रत्येक ध्वनिफितीला तारीख, वेळ, जागा लिहायची. ही नोंदवही नीट ठेवली तर दहा वर्षांनी त्याच वेळी, त्याच झाडाखाली पुन्हा ध्वनिमुद्रण करून तुलना करता येईल. लिंकन मेडोत क्राउझकडे तोडीपूर्वीची एक पहाट होती, म्हणूनच नंतरच्या पहाटेला अर्थ आला. आपल्याकडच्या बहुतेक रायांची अशी पहिली ध्वनिफीत अजून व्हायची आहे.